इल्सेबेचं सामान

ब्राउनश्वाइग
संत लॉरेन्सच्या सणानंतरचा शनिवार

हेनिंग यांस,
आल्हाइटचा नमस्कार.

तुमचं जहाज ल्युबेकहून सुखरूप सुटल्याचं मिठाच्या गाडीवाल्यानं सांगितलं. स्कोनेच्या किनाऱ्यावर यंदा हेरिंग मासा दाट आलाय, असंही म्हणाला. बरं झालं.

माझी बहीण इल्सेबे गेली. कळा सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, पण रक्त थांबेना. सुईण बाहेर येऊन कोर्डला म्हणाली, "पाद्रीबुवांना बोलवा, आणि लवकर बोलवा." कोर्ड पिंपाची फळी तासत होता. हातातली फळी त्यानं पुरी तासली, बाजूला ठेवली आणि मग उठला. बायको मरत असताना हा फळ्या तासत होता, असं आता वस्तीत सगळे म्हणतात. मला त्यात वावगं दिसलं नाही. हातातलं काम आधी पुरं करावं, असंच वाटतं त्या वेळी.

मुलगी जगली आहे. सुईणीनंच घाईघाईनं पाणी घालून तिचा बाप्तिस्मा केला. नाव टालेके. तिला पाजायला बाई मिळेना, म्हणून मी नदीपलीकडे कोर्डच्या घरी राहायला आले आहे. आपल्या घराला कुलूप लावलंय, कोंबड्या शेजारी दिल्यात. आपल्या मुलाची काळजी करू नका. त्याला आता काही त्रास नाही.

कोर्डची आई वोब्बेके तुम्हाला आठवत असेल. आमच्या बापाच्या मयताला बीअर आंबट आहे म्हणून भांडली होती, तीच. मी आत पाऊल टाकलं तशी ती चुलीजवळून उठली आणि मला आडवी आली.

"आलीस होय? आधी पोर बघतेस का पातेली बघतेस?"

मी म्हटलं, "मावशी, पोर रडतेय."

"रडतेय तोवर बरंय," ती म्हणाली. "ही श्वास घेतेय तोवर पातेली हिची, गाद्या हिच्या, चादरी हिच्या, बदकंसुद्धा हिची. आईचं सामान लेकीला. आणि हिचा श्वास थांबला की सगळं तुला, कारण आईकडून हिला जवळची बाई तूच. माझ्या मुलाला काय उरेल? दारामागची तलवार आणि पिंपाच्या फळ्या. तेव्हा मला कळू दे, तू दूध पाजायला आली आहेस का वाट बघायला?"

मी बाळाला उचललं आणि पाजायला बसले. तिनं स्टूल ओढलं, माझ्या समोर ठेवलं आणि बसली.

राग यायला हवा होता. आला नाही. बाळाचं तोंड फार लहान आहे. मध्येच विसरते, पुन्हा आठवतं, पुन्हा ओढते.

तुम्ही लोकरी मोजे पेटीच्या तळाशी ठेवलेत. पावसाळी हवा असेल तर काढा.

तुमची आल्हाइट


ब्राउनश्वाइग
पवित्र क्रुसाच्या सणाचा दुसरा दिवस

हेनिंग यांस,

तुमचं पत्र मिळालं. मोठ्यानं वाचलं नाही. कोर्ड समोर होता.

तुम्ही लिहिता की इल्सेबेबद्दल वाईट वाटलं, फार हसरी होती. ते खरंच. पुढे लिहिता, "लेकरू अशक्त असेल तर नशिबाची गोष्ट. पण काही बरंवाईट झालं तर ध्यानात ठेव, हक्क तुझा. कोर्ड माणूस चांगला, तरी चार गाद्या माळ्यावर लपवायला वेळ लागत नाही." असं लिहिणं तुमच्या दृष्टीनं बरोबरच आहे. मी तुम्हाला दोष देत नाही.

बाळ अशक्तच आहे. एक दिवस चांगलं पिते, दोन दिवस नुसती ओठ लावून झोपते. मी तिला पाळण्यात ठेवते तेव्हा म्हातारी येऊन पाळण्यात हात घालून बघते. परवा मी टेकायला म्हणून माझ्या पाठीशी उशी घेतली. म्हातारीनं ती ओढून घेतली. "बाळाजवळ उशी नको," म्हणाली. मी म्हटलं, "बाळाजवळ नाही, माझ्या पाठीशी आहे." तर म्हणाली, "पाठीशी आत्ता आहे." तिनं उशी स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि माझं पाजून होईपर्यंत धरून बसली.

विहिरीवर बायका मला पाहून बाजूला होतात. पाववाल्याची विधवा गेझे तेवढी बोलते. परवा रंगाऱ्याची मेट्टे पाठमोरी असताना म्हणाली, "जिला स्वतःचं..." आणि मला पाहून थांबली. पुढचं तिनं काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.

कोर्ड काही म्हणत नाही. सकाळी पेज समोर ठेवली तर खातो, नाही ठेवली तर तसाच कामाला बसतो. एकदा मात्र मला म्हणाला, "ताई, आईचं मनावर घेऊ नका. तिची आई गेली तेव्हा तिच्या सावत्र बहिणीनं अंगाखालची चादरसुद्धा ओढून नेली होती. अंग अजून गार व्हायचं होतं."

म्हणून एक मागणं आहे. न्यायसभेपुढे उभं राहून मला म्हणायचंय की हे सामान मला नको. पोर जगो न जगो, मला नको. मग मी पाजताना समोर कुणी बसणार नाही. मी विचारून आले. टिले म्हणून न्यायसभेचा माणूस आहे. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला नवरा आहे. त्याच्या तोंडाशिवाय तुम्हाला इथे तोंड नाही. त्याची अंगठी आणि दोन साक्षीदारांपुढे दिलेला शब्द आला तर बघू." तुमच्याबरोबर आपल्या गावचे दोघं-तिघं आहेत. त्यांच्यापुढे हो म्हणा आणि अंगठी परत येणाऱ्या गाडीवाल्याकडे द्या. आपल्या घरी सगळं आहे. आपल्याला दुसरं पातेलं कशाला?

दातांचं विचारलंत. दात आले नाहीत.

आल्हाइट


ब्राउनश्वाइग
संत गॉलच्या सणाचा दिवस

हेनिंग यांस,

अंगठी आली नाही. पत्र आलं.

तुम्ही लिहिता, "तू दमली आहेस. घरात चालत येणारी गोष्ट कुणी दारातून परत पाठवतं का? मी येईपर्यंत न्यायसभेच्या पायऱ्या चढू नकोस. आणि हे काय, आपल्या मुलाबद्दल तू एक ओळ धड लिहीत नाहीस. रांगायला लागला का? माझी आठवण काढतो का?"

आता लिहिते.

तुम्ही निघालात त्यानंतरच्या आठवड्यात त्याला ताप आला. संत याकोबाच्या सणाच्या आत तो गेला. चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत त्याला ठेवलाय. तिथे ऊन कमी येतं, पण जागा कोरडी आहे. मी तुम्हाला कळवणार होते. लिहायला बसले. पहिल्यांदा शाई वाळली होती. दुसऱ्यांदा शाई होती, पण मी मिठाचा भाव लिहिला आणि थांबले. मग इल्सेबेचं झालं आणि लिहायला दुसरी गोष्ट मिळाली. "त्याला काही त्रास नाही" असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं, पण तुम्हाला फसवायला लिहिलं होतं.

दूध आटत नव्हतं. सुईणीनं कोबीची पानं बांधायला सांगितली होती. ती छातीला बांधलेली असतानाच कोर्डचा निरोप आला. मी पानं सोडली, कोंबड्यांपुढे टाकली आणि इकडे आले. हे दूध तुमच्या मुलाचं आहे. तो ते प्यायचा राहिला म्हणून ही पिते. एवढंच आहे सगळं. यात पातेल्याचा संबंध कुठे येतो ते मला कळत नाही, पण सगळ्यांना तो दिसतो आणि तुम्हालाही दिसतो.

मी अजून रडलेले नाही. लोकांना ते चमत्कारिक वाटतं. मलाही वाटतं.

इकडची हकिगत अशी. गेल्या आठवड्यात बाळाला सर्दी झाली. म्हातारीनं माझ्या हातातून तिला घेतलं आणि म्हणाली, "आता पुरे. तुझ्या दुधानं हिला काय होतंय ते दिसतंय मला." बकरीचं दूध कोमट करून तिनं गाईच्या शिंगातून तिला पाजायला सुरुवात केली. बाळ ओकलं. तिनं पुन्हा पाजलं, पुन्हा ओकलं. मी बाकावर बसून होते. माझी चोळी भिजत होती. मी तिच्यापुढे हात केला नाही. ते मूल तिच्या मुलाचं आहे, म्हटलं, ती म्हणेल तसं.

दुपारी कोर्ड आत आला. त्याच्या दाढीत लाकडाचा भुसा होता. त्यानं आईकडे पाहिलं, शिंगाकडे पाहिलं.

"आई, दे तिला ताईकडे."

"तुला कळतं का काही? ही गेली तर उद्या तू कशात शिजवशील? कशावर निजशील?"

"जमिनीवर निजेन," कोर्ड म्हणाला. "पोर उपाशी आहे, आई. दे."

म्हातारीनं दिली. मी पाजायला बसले. बाळानं एवढ्या जोरात ओढलं की डोळ्यांसमोर अंधारी आली. म्हातारी आपल्या स्टुलावर जाऊन बसली, पण या वेळी भिंतीकडे तोंड करून.

अंगठी पाठवा किंवा पाठवू नका. मी पुन्हा मागणार नाही.

आल्हाइट


ब्राउनश्वाइग
संत मार्टिनच्या सणाचा आदला दिवस

हेनिंग यांस,

टालेके गेली. सर्व संतांच्या सणानंतर थंडी पडली, तिची छाती पुन्हा भरली. पहाटे प्यायली होती. मग माझ्याच मांडीवर निजली. म्हातारी समोर होती. तिलाच आधी कळलं. ती उठली, बाळाच्या नाकाशी बोट धरलं आणि म्हणाली, "पोरी, आता हलवू नकोस तिला." मला 'पोरी' म्हणाली. मला तेवढंच ऐकू आलं.

बाळाला आंघोळ घालायला शेजारच्या बायका आल्या. रंगाऱ्याची मेट्टे पाणी ओतता ओतता म्हणाली, "शेवटी सगळं मावशीच्या घरीच चाललं म्हणायचं."

म्हातारीनं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"मेट्टे, मी ऑगस्टपासून हिच्यासमोर स्टूल टाकून बसलेय. ही पाजताना, ही निजवताना, ही शिंकताना. हिच्या मनात पोरीचा जीव घ्यायचा विचार असता तर तो माझ्याइतका जवळून दुसऱ्या कुणी पाहिला असता? हिनं शेवटच्या घोटापर्यंत पाजलंय. याहून वेगळं कुणाला म्हणायचं असेल त्यानं माझ्यापुढे येऊन म्हणावं. तू म्हणतेस?"

"मी आपलं सहज बोलले हो."

"मग सहज गप्प बस."

पोरीला इल्सेबेशेजारी ठेवलं. त्यानंतर सामानाचा दिवस ठरला. तुमची अंगठी नव्हती, तेव्हा मला नको म्हणता येत नव्हतं. टिले काठी घेऊन आला. साक्षीला दोन बायका लागतात, म्हणून गेझे आणि मेट्टे. गाडीवाला अंगणाच्या दाराशी गाडी लावून उभा राहिला. रीत अशी की घरातलं सगळं बाईचं सामान अंगणात आणून मांडायचं. कोर्डनं कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः एकेक आणत होता. पण त्यालाच कळेना काय कुणाचं.

"ही पळी?"

"बाईची," टिले म्हणाला.

"कात्री?"

"बाईची."

"कुऱ्हाड?"

"ती तुमची, परत ठेवा. करवत, तासणी, तलवार, सगळं आत ठेवा."

कोर्डनं धुण्याचं टिपाड फरफटत आणलं. "हे मी बांधलंय. माझ्या हातानं."

"कुणासाठी बांधलंत?"

"तिच्यासाठी."

"मग बाईचं."

म्हातारी उंबऱ्यात उभी होती. ती ओरडली, "आणि मी कुणाची रे, टिले? बाईचं सामान आहे ना मी पण? मलाही चढवा गाडीत!" गेझेला हसू आलं, तिनं पदरासारखा आपला ॲप्रन तोंडावर धरला. मग तिचे डोळे भरून आले.

अंगण भरलं. पिसांच्या गाद्या, चादरी, उशा, मोठं पातेलं, छोटं पातेलं, वाडगे, जग, टकळी, लोकरीची टोपली, मेणबत्त्यांचे खांब. बदकं पायांत घोटाळत होती. घर मात्र रिकामं दिसत होतं. बाक, मेज, खुर्ची, पलंगाची लाकडं, खिळ्याला टांगलेली तलवार. कोर्ड दारात उभा राहून आत बघत होता. आपल्या घरात आपलं किती थोडं होतं, ते त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

टिलेनं काठी आपटली आणि पाठ म्हटल्यासारखा म्हणाला, "जी बाई सामान नेईल तिनं जाण्याआधी घरधन्याचा पलंग, त्याचं मेज आणि त्याची खुर्ची मांडून द्यायची. त्याची बायको जिवंत असताना जशी होती तशी. मांडा, बाई, म्हणजे मी मोकळा झालो."

मी गादी उचलून आत नेली. पलंगावर घातली. चादर घातली. दोन उशा ठेवल्या.

कोर्ड म्हणाला, "ताई, मला एक पुरे."

"ती असताना दोन होत्या," मी म्हटलं.

टिले म्हणाला, "दोन असतील तर दोन. होती तशी म्हटलंय."

मेजावर कापड घातलं. मागे सरले. कापड नुसतं पांढरं दिसत होतं. मला काही सुचलं, असं म्हणता येणार नाही. ते बरोबर दिसत नव्हतं, एवढंच. मी म्हटलं, "इल्सेबे रिकाम्या मेजावर कापड कधी घालायची नाही. जग असायचा." मी अंगणात गेले, जग आणला, ठेवला. दोन वाडगे आणले.

"तीन," गेझे म्हणाली. "सासू काय उपाशी राहायची?"

मी तिसरा आणला.

टिले म्हणाला, "अहो, मेज म्हटलंय. मेजावर जेवण मांडा असं नाही म्हटलं."

"मेज होतं तसं म्हटलंय ना?" गेझे म्हणाली. "इल्सेबेच्या मेजावर या वेळेला पेज असायची. मी कितीदा खाल्लीय."

"आणि पेज काय हातावर शिजते?" हे मेट्टे म्हणाली. होय, मेट्टेच. तिनं स्वतः मोठं पातेलं उचललं, आत नेलं आणि चुलीवरच्या आकड्याला अडकवलं. मग कुणाकडे न बघता लहान पातेल्यासाठी परत आली. "दूध वेगळ्यात तापवायची ती," म्हणाली.

म्हातारी म्हणाली, "खुर्चीला तिची टकळी टेकलेली असायची. खुर्ची मांडायचीय ना? मग टेकवा. आणि शेजारी टोपली. टोपलीत लोकर."

मी टेकवली. टोपली ठेवली. गेझेनं गाद्या आणल्या, कारण इल्सेबे पलंगाखाली पाहुण्यांच्या गाद्या ठेवायची. चादरी पलंगाच्या पायथ्याशी पेटीत असायच्या, त्या पेटीत गेल्या. मेणबत्त्यांचे खांब मेजाच्या दोन टोकांना. पळी पातेल्यात. कुणी हसत नव्हतं. सगळ्या नीट आठवून आठवून ठेवत होत्या, आणि कुठे चुकलं तर दुसरी सांगायची, "तिथे नाही गं, खिडकीशी."

टिलेनं कपाळावरची टोपी मागे सारली. "आणि ही बदकं?"

कोर्ड इतका वेळ भिंतीला टेकून होता. तो म्हणाला, "थंडीत माझ्या खुर्चीखाली येऊन बसायची. ती त्यांना हाकलायची नाही. मी हाकलायचो."

टिलेनं खुर्चीकडे पाहिलं, बदकांकडे पाहिलं. मग बायकांना विचारलं, "पलंग, मेज आणि खुर्ची बाई जिवंत असताना होती तशी आहेत, अशी तुमची साक्ष?"

"आहेत," गेझे म्हणाली.

"आहेत," मेट्टे म्हणाली.

"मग झालं माझं काम," टिले म्हणाला. "राहिलेलं गाडीत घाला."

अंगणात एक फाटकी चादर आणि लाकडी कंगवा राहिला होता. ते मी घेतले. तेव्हा इल्सेबेच्या सामानातून तुमच्या घरात एवढं आलं आहे. तुमच्या मनाविरुद्ध मी काही सोडून दिलेलं नाही. सगळं घेतलं आणि नियमाप्रमाणे मांडून दिलं. टिलेला विचारा.

मी आपल्या घरी परत आले आहे. कोंबड्या आणल्या. त्यांतली एक शेजाऱ्यांनी खाल्ली असावी.

आल्हाइट


ब्राउनश्वाइग
संत कॅथरिनच्या सणाचा दिवस

हेनिंग यांस,

तुमचा निरोप ल्युबेकहून आला. "बर्फ वाट बंद करायच्या आत निघतो," एवढाच. पुरे आहे. गाडीवाला म्हणाला, पत्र वाचल्यावर तुम्ही पिंपांच्या रांगेमागे जाऊन बराच वेळ उभे होतात. हे तुम्ही मला कळवलं नसतंत.

वोब्बेके येते. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, तिकडे चूल धुरकटते, डोळे चुरचुरतात, म्हणून आले. त्या चुलीला काहीही झालेलं नाही. मी तीन महिने ती पेटवली आहे. मी तिला आत घेतलं. ती तुमच्या बाकावर बसली आणि दिवसभर सूत काढत राहिली. कोर्डच्या जेवणाच्या वेळेला उठून गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली. आता येतेच. मी भाकरी जास्त टाकते.

काल ती नेहमीसारखी सूत काढत होती. मी पीठ मळत होते. तिनं टकळीवरून मान वर न करता विचारलं, "काय नाव होतं गं त्याचं?"

मी पीठ मळत राहिले. तो गेल्यापासून मला कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणापुढे उच्चारलं नव्हतं. तुम्हाला लिहिलेल्या पत्रांतसुद्धा नाही. पत्रं तुमच्याकडेच आहेत, बघा.

"बोडो," मी म्हटलं.

"बोडो," ती म्हणाली. "चांगलं नाव."

मग मी रडले. पिठाचे हात तसेच धरून, उभ्या उभ्या, कितीतरी वेळ. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही आणि टकळीही थांबवली नाही.

तुमची आल्हाइट